चुलतभावाचं लिव्हर, आईचे गुडघे

ताई, नमस्कार.

मी अमळनेरचा, वय ४४. जळगावला एका खासगी कंपनीत हिशेब बघतो, रोज रेल्वेने अपडाऊन करतो. पगारातून दरवर्षी इन्कम टॅक्स कापला जातो. रेशनकार्ड पांढरं.

आई ७२ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेत, ओट्याच्या दोन पायऱ्या उतरायला तिला पाच मिनिटं लागतात. गावातल्या खासगी दवाखान्यात म्हणाले, गुडघा बदलावा लागेल, पण सरकारी आरोग्य योजनेत आमच्याकडे होणार नाही. सरकारी मोठ्या दवाखान्यात जा, नाहीतर एका गुडघ्याचे पावणेदोन लाख भरा. त्याच महिन्यात माझा चुलतभाऊ पोटात पाणी भरलं म्हणून खासगीत ॲडमिट झाला. वीस वर्षं दारू पितोय. आठ दिवस राहिला, सगळं योजनेच्या कार्डावर, रुपया लागला नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) भाऊबंदकी जमली होती. रसाच्या पंगतीत तो म्हणाला, "सरकार मायबाप आहे बुवा." माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "सरकार नाही, मी. माझ्या टॅक्सवर तू जिवंत आहेस." तो ताटावरून उठला, काकू रडायला लागली. तेव्हापासून बोलणं बंद. श्रावणात कानबाईचे रोट आहेत, सगळी भाऊबंदकी एका पंगतीला बसते. बायको म्हणते, त्याआधी जाऊन माफी मागा.

पण ताई, मी खोटं काय बोललो? माझ्या धाकट्या बहिणीने टेस्ट ट्यूब बेबीसाठी अडीच लाख घातले, तेही पदरचे. तिला काही नाही, आईला नाही आणि दारुड्याला सगळं? कराच्या पैशातून कोणाचा इलाज व्हावा, याला काही नियम नको का?

– एक करदाता

*

भाऊ,

भांडणाचं नंतर बघू. आधी आईचं, कारण तिच्या गुडघ्यांना तुमच्या आणि चुलतभावाच्या अबोल्याशी काही घेणंदेणं नाही.

आई ७२ वर्षांची आहे म्हणता. मग तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे केंद्राच्या आयुष्मान योजनेचं म्हाताऱ्यांसाठीचं कार्ड, काढलंय का? २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला ते मिळतं. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि रेशनकार्डाचा रंगही कोणी विचारत नाही. आधार कार्ड लागतं, बस. शिवाय १ जुलै २०२४ पासून राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना पांढऱ्या कार्डालाही लागू झाली आणि कुटुंबाला वर्षाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झाली. म्हणजे ज्या योजनेवर तुम्ही दात खाताय, तिच्यात तुम्ही स्वतःही आहात. तुमच्या पत्रावरून मला तरी वाटलं, हे तुम्हाला कोणी सांगितलेलंच नाही.

आता तो खासगी दवाखाना नाही का म्हणाला ते. योजनेची १३५६ उपचारांची यादी निघाली तेव्हा त्यातले ११९ उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवले होते. त्यामागे एक कडू अनुभव आहे. शस्त्रक्रियेला पॅकेज, म्हणजे योजनेतून ठरीव रक्कम, लागलं की ज्याला गरज नाही त्यालाही टेबलावर घेणारे निघतात. २०१२ मध्ये छत्तीसगडमध्ये विमा योजनेचे पैसे काढायला बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजलं होतं. इकडे बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण २०१९ ला विधिमंडळात पोचलं. तिथे योजनेचं कार्ड नव्हतं, बायकांनी उचल घेऊन पैसे भरले होते, पण धंदा तोच. आपल्या चाळीसगावकडूनही टोळ्या ऊसतोडीला जातात, तेव्हा हे लांबचं समजू नका. गुडघा हा तसाच मोहाचा अवयव. दुखतो सगळ्यांचा, बदलावा लागतो थोड्यांचा.

म्हणून राखीव ठेवणं मला पटतं. पटत नाही ते पुढचं. राखीव ठेवायचं आणि सरकारी दवाखान्यात तारीख मागितली की "सांधा आला की कळवू" म्हणायचं, याला राखीव म्हणत नाहीत, टाळणं म्हणतात. सांधा काही सोन्याचा नाही. २०१७ मध्ये केंद्राने सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत ५४,७२० रुपयांवर बांधून दिली. तुमच्या दवाखान्याचे पावणेदोन लाख कुठून आले, ते त्यांना बिल मांडून दाखवायला सांगा.

तर आईला घेऊन जळगावच्या नाहीतर धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागात जा. दारातच आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, टेबल असतो. "योजनेत बसतं का हो?" असं त्याला विचारू नका, तो मान हलवून मोकळा होतो. "सध्याच्या यादीत याचा कोड कुठला आणि पूर्वपरवानगीचा अर्ज कधी जाईल?" असं विचारा. टोलवाटोलवी झाली तर योजनेच्या १५५३८८ या नंबरला फोन लावा आणि तक्रारीचा नंबर कागदावर लिहून घ्या. एक सांगून ठेवते. १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथे केसपेपरपासून सगळं मोफत झालं, पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, ती त्यातून बाहेर राहिली. त्यामुळे तिथे खिडकीवर पैसे मागितले तर लगेच लाच समजून भांडू नका. पावती मागा.

आता तुमच्या वाक्याकडे येते. "माझ्या टॅक्सवर तू जिवंत आहेस."

हिशेबनीस माणूस तुम्ही, म्हणून हिशेबानेच बोलू. तुमच्या इन्कम टॅक्सवर चार टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर लागतो, खरंय. पण चुलतभाऊ शेती करत असेल तर खताच्या गोणीवर जीएसटी भरतो, मोबाईलच्या रिचार्जवर अठरा टक्के भरतो, आणि ज्या बाटलीवरून तुम्ही त्याला बोललात, तिच्या किमतीत निम्मी तर सरकारचीच तहान असते. दारूवरचं उत्पादन शुल्क हे राज्याच्या तिजोरीचं मोठं पीक आहे. वीस वर्षांत त्याने त्या खिडकीवर किती भरलं असेल, तुम्हीच मांडा. मी त्याच्या पिण्याची बाजू घेत नाही. पण "मी भरतो, तू खातो" हे वाक्य आकड्यांत टिकत नाही, एवढंच म्हणते.

आणि लिव्हर सडायला दारूच लागते असंही नाही. कावीळ ब आणि क प्रकारची असली तरी सडतं, नुसत्या चरबीनेही सडतं. केसपेपरच्या खिडकीवर बसून कोणाचं पापाचं लिव्हर आणि कोणाचं पुण्याचं, हे कोण ठरवणार? मी बत्तीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात औषधाच्या खिडकीआड बसले. कपाशीवर फवारताना तोंडाला रुमाल न बांधलेला पोरगा आणला जायचा. केळीच्या ट्रकवर बसून येताना पडलेला यायचा. तंबाखूने गाल फाटलेला यायचा. अंधारात अनवाणी पाणी भरायला गेलेला, मण्यार चावलेला यायचा. चूक शोधायला बसलं तर प्रत्येकात सापडते. सापाच्या लसीची बाटली फोडताना "चप्पल का नाही घातलीस?" हे आम्हीही म्हणायचो. म्हणायचो आणि बाटली फोडायचो.

एका जागी मात्र दारूचा प्रश्न रास्तपणे येतो. लिव्हर बदलायची वेळ आली की डॉक्टर विचारतात, सोडली का? बरीच केंद्रं सहा महिने कोरडे काढायला लावतात. ती शिक्षा नसते. दान मिळालेलं लिव्हर एकच असतं, रांगेत दहा जण असतात, आणि पिणं चालू राहिलं तर ते वाया जाणार. "तू वाईट आहेस म्हणून नाही" आणि "याने तुला फायदा होणार नाही म्हणून नाही" या दोन नकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही नियम विचारलात ना? माझ्या लेखी नियमाची सुरुवात इथून होते. रोगी कसा आहे ते बाजूला ठेवायचं. उपचार न केला तर काय होईल, केला तर किती फरक पडेल आणि त्याच पैशात दुसऱ्या कोणाचं काय राहून जाईल, हे बघायचं.

हे म्हणायला सोपं. अमेरिकेत ओरेगन नावाचं राज्य आहे, त्यांनी हे काटेकोर करून पाहिलं. गरिबांच्या सरकारी योजनेत काय बसवायचं, यासाठी १९९० मध्ये खर्च आणि फायदा यांचं गणित मांडून शेकडो उपचारांची क्रमवारी लावली. यादी बाहेर आली तर दाताला टोपी बसवणं हे अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वर! टोपी स्वस्त, अपेंडिक्स महाग. पण फुटलेल्या अपेंडिक्सने माणूस मरतो आणि दाताने मरत नाही, हे त्या क्रमवारीत कुठे दिसत नव्हतं. ती यादी गुंडाळून त्यांना नव्याने बसावं लागलं.

थायलंडने वेगळी चूक केली आणि सुधारलीही. २००२ मध्ये त्यांनी सगळ्यांसाठी सरकारी योजना आणली, पण खर्चाच्या भीतीने डायलिसिस बाहेर ठेवलं. किडनी गेलेल्यांची घरं बसली. शेवटी २००८ मध्ये डायलिसिस आत घेतलं, तेही घरच्या घरी पोटातून करता येईल अशा पद्धतीला पहिली पसंती देऊन, म्हणजे खेड्यातल्या माणसाला आठवड्यातून तीनदा शहर गाठायला नको. मला हे फार पटलं. आपल्याकडे डायलिसिस योजनेत आहे, पण सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसाने आठवड्यातून दोन-तीनदा जळगाव गाठायचं म्हणजे त्याची मजुरी गेली, सोबत येणाऱ्या बायकोचीही गेली. यंत्र फुकट, रस्ता विकत.

आणि हो, सगळंच द्यावं असं मी म्हणत नाही. काही लहान मुलांच्या आजारावरचं एक इंजेक्शन सोळा कोटींचं आहे. सरकारचं दुर्मीळ आजारांचं धोरण पन्नास लाखांपर्यंत मदत देतं. त्या आईबापांच्या डोळ्यांत बघून "पन्नासच" म्हणणं कोणाला जमेल? मला नाही जमणार. पण कोणालातरी ते म्हणावं लागतं, आणि ते बंद खोलीत म्हणण्यापेक्षा उघडपणे, कारण सांगून म्हणावं. कुठला उपचार पैशाच्या मानाने किती कामाचा, हे तपासायला केंद्राने २०१७ पासून एक यंत्रणा उभी केली आहे. आपल्या राज्याच्या यादीत अमुक उपचार का आला आणि तमुक का गेला, याचा मराठीत एक साधा कागद रुग्णालयाच्या भिंतीवर लागायला काय हरकत आहे?

तुमच्या बहिणीचं. टेस्ट ट्यूब केंद्राच्या योजनेतून सरळ वगळलेलं आहे. माझं मत विचाराल तर तपासण्या, नळ्यांचा क्षयरोग, थायरॉईड, नवऱ्याची तपासणी (ही सगळ्यांत शेवटी होते, खरं तर पहिली व्हावी) इथपर्यंतचं सगळं सरकारी दवाखान्यात नीट मिळावं. बऱ्याच जोडप्यांचं उत्तर तिथेच सापडायला हरकत नाही. त्यापुढचं महाग पाऊल सरकारने उचलावं का, यावर माझंच माझ्याशी एकमत होत नाही. ते तसंच ठेवते.

पण भाऊ, या भांडणात एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली नाही आणि पंगतीतल्या कोणाच्याही. तुम्ही लिव्हर आणि गुडघ्यावरून भांडलात. दोन्ही मोठ्या गोष्टी, दोन्ही ॲडमिट होण्याच्या. योजनेचं भोक भलतीकडेच आहे.

आमच्या रुग्णालयात एक आजी यायच्या. बीपीच्या गोळ्या न्यायच्या. साठा असला की महिन्याच्या द्यायचो, कमी असला की दहा दिवसांच्या, नसला की चिठ्ठी लिहून द्यायचो, बाहेरून घ्या. एकदा त्या आल्या तर पदराच्या गाठीत गोळ्यांची पट्टी तशीच, अर्धी भरलेली. मी रागावले. म्हटलं, रोज घेत नाही का? त्या म्हणाल्या, "बाई, रोज खादी त पुरतीन का?" एक दिवसाआड घेत होत्या, पुरवून पुरवून, लोणचं पुरवतात तशी. बाहेर ती गोळी दिवसाला दोन-तीन रुपयांची. पुढच्या कापूस वेचणीत उजवी बाजू गेली. मग मात्र सगळं मिळालं. रुग्णवाहिका आली, मोठ्या दवाखान्यात कार्ड चाललं, हजारो रुपयांचं पॅकेज मंजूर झालं. वाचल्या, पण नंतर खिडकीवर त्यांची सून यायची, गोळ्या न्यायला. आजी खाटेवर.

हे मी विसरू शकत नाही, कारण त्या दहा दिवसांच्या पट्ट्या माझ्याच हाताने दिल्या होत्या.

केंद्राच्या योजनेतून काय काय वगळलंय पाहा: ॲडमिट न होता घेतलेले उपचार, व्यसनमुक्ती, वंध्यत्व, सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया. शेवटचं ठीक, कोणाला गोरं व्हायचं असेल तर पदरचे घालावेत. पण पहिल्या दोनांकडे बघा. बीपीची रोजची गोळी, साखरेची गोळी ही कार्डाच्या बाहेर, आणि त्या न मिळाल्याने येणारा अर्धांगवायू कार्डाच्या आत. तुमच्या चुलतभावाच्या पोटातलं पाणी काढायला पैसे आहेत, दारू सोडवायला नाहीत. पाणी पुन्हा भरणार, कार्ड पुन्हा चालणार. राग यायचा तर याचा यावा. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार देशातल्या आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के खर्च लोक तेव्हाही खिशातून करत होते. त्याच्या आठ वर्षं आधी तो ६४.२ टक्के होता, म्हणजे उतरलाय, नाही म्हणत नाही. पण उरलेल्यात मोठा वाटा औषधांचाच आहे. सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, २०२५ पर्यंत. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

नंदुरबारच्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांतला सिकलसेल हा रक्ताचा आजार तुम्हाला माहीत असेल. आईबाप दोघांकडून येतो, त्यात कोणाची दारू नाही की कोणाची चूक नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज पोटात गेली तर कळा येणं आणि ॲडमिट होणं बरंच कमी होतं. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी देशभर मोहीम जाहीर केली, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा म्हणून. चांगलं आहे. पण धडगावच्या पोरीसाठी ती मोहीम म्हणजे काय, तर तिच्या उपकेंद्रात या महिन्यात गोळी आहे की नाही. मला यादी करायला दिली तर मी पहिल्या पानावर ही असली स्वस्त, रोजची, कंटाळवाणी औषधं लिहीन. त्यांचा फोटो काढायला कोणी येत नाही.

आता रोटांचं.

तुमची बायको बरोबर बोलतेय, पण "माफी" हा शब्द घेऊन जाऊ नका. तुम्ही तो नीट म्हणणार नाही आणि त्याला तो नीट ऐकू येणार नाही. रोटांसाठी गहू काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मोजतात, तुम्हाला माहीतच आहे. (बायकांच्या नावाने का नाही, यावर मला दोन पत्रं आलीत, पुढच्या खेपेला.) त्या मोजणीत त्याच्या नावाची मूठ पडणारच आहे, तुम्ही बोला न बोला. आणि रोट भाऊबंदकीतच संपवायचे असतात, तेव्हा एका पंगतीला बसावंच लागेल. मग त्याच्या आधीच एखाद्या रविवारी जा. एकटे जा. आणि काकू घरी असताना जा, कारण तुम्ही खरं दुखवलंय ते तिला. मुलगा आठ दिवस ॲडमिट असताना ती खाटेखाली झोपली असेल, आणि पंगतीत तिने ऐकलं काय, तर तिचा मुलगा उसन्या श्वासावर जगतोय.

बोलताना इथून सुरुवात करा: "आईच्या गुडघ्यासाठी जळगावला चाललोय. तू त्या दवाखान्यात आठ दिवस होतास, कार्डाचं काय काय करावं लागतं ते सांग." त्याला खरंच माहीत असेल. कुठल्या टेबलावर कोण बसतो, कुठला कागद दोनदा मागतात, हे त्याच्याकडून कळेल तेवढं माझ्या सदरातून कळणार नाही.

आणि तो बोलता झाला तर, त्याच दिवशी नाही, नंतर कधीतरी विचारा, सोडायची का म्हणून. हो म्हणाला तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. एकदम बंद करायला सांगू नका. वीस वर्षांची सवय एका रात्रीत तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सुटायला हवी.

आईला अस्थिरोगवाल्यांकडे नेताना आधीचे एक्स-रे, साखरेचा आणि बीपीचा कागद, आधार, रेशनकार्ड बरोबर असू द्या. आणि तिच्या रोजच्या गोळ्यांची पट्टी काढून मोजा. किती उरल्यात, किती उरायला हव्या होत्या.

– ताई